तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे मोजून शिकारीला का जातो

"एवढे पैसे मोजून, गाईड घेऊन पाखरं मारायला जायचं, त्यात असतं तरी काय?" सुट्टीला मंगळवेढ्याला गेलो की हा प्रश्न ठरलेला. मामेबहीण रागानं विचारते, शाळेतले मित्र कुतूहलानं. दोघांनाही मी आजवर अर्धवटच उत्तर दिलं. आज नीट सांगतो.

अठरा वर्षं मी अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, सू फॉल्समध्ये राहतोय. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार इथे आपल्या पोळ्यासारखा असतो. त्या दिवशी फेझंटचा हंगाम उघडतो. हे पाखरू मोराच्या, रानकोंबड्याच्या कुळातलं. नराची मान हिरवी-निळी, गळ्यात पांढरं कडं, शेपूट हातभर लांब. मूळचं आशियातलं. शांघायमधल्या ओवेन डेनी नावाच्या अमेरिकी वाणिज्यदूतानं १८८१-८२ च्या सुमारास चिनी फेझंट जहाजानं ओरेगनला पाठवले आणि ते तिथे रुजले. डकोटात पुढे आणून सोडले. १९१९ साली स्पिंक काउंटीत पहिल्यांदा शिकारीला परवानगी मिळाली, तीही एकाच दिवसाची. १९४३ मध्ये हा परका पक्षी राज्यपक्षी झाला.

पण मला ओढ लागली ती ज्वारीमुळे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाईडनं आम्हा आठ जणांना एका पट्ट्याच्या कडेला उभं केलं. बघतो तर समोर ज्वारी! आपल्या मालदांडीसारखी डोक्याच्या वर गेलेली नव्हे. कंबरेएवढी, तांबड्या कणसांची. शेतकऱ्यानं ती काढलीच नव्हती. पाखरांसाठी उभी ठेवली होती. मी लहानपणी माळ्यावर उभा राहून, गोफण फिरवून, घसा बसेपर्यंत ओरडून ज्वारीवरची पाखरं हाकललीत. आणि इथे एक शेतकरी पाखरांसाठी ज्वारी पेरतो, ती तशीच उभी ठेवतो, शेजारचं पाणकणसाचं बेट नांगरत नाही, कारण थंडीत पाखरं तिथे आसऱ्याला जातात. हे त्याला परवडतं ते आमच्यासारखे लोक दिवसाचे काहीशे डॉलर देतात म्हणून. माझ्या उत्तरातला मोठा वाटा हाच आहे. सरकारही १९८५ पासून जमीन गवताखाली ठेवणाऱ्यांना वार्षिक रक्कम देतं. मक्याचा भाव चढला तेव्हा पुष्कळांनी ते गवत मोडून मका लावला. त्यात दुष्काळ आणि ओला, थंड वसंत यांची भर पडली. २०१३ च्या सरकारी मोजणीत फेझंटचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ६४ टक्क्यांनी खाली आलं. त्या वर्षी सकाळभर चालूनही दोनच नर उठलेले मला आठवतात.

शिकार अशी चालते. निम्मे लोक ओळ धरून ज्वारीतून चालतात, निम्मे पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला उभे राहतात. कुत्री पुढे. फेझंटला उडायला आवडत नाही, तो पळतो. टोकाला माणसं दिसली की मग नाइलाजानं उठतो, पंखांचा असा फडफडाट करत की काळजाचा ठोका चुकावा. त्या क्षणात नर की मादी हे ओळखायचं असतं. मादीला गोळी घालायची नाही, हा कायदा आहे. एका नराला अनेक माद्या चालतात, म्हणून थोडे नर कमी झाले तरी पुढची पिढी अडत नाही. माणशी दिवसाला तीन नर, बस्स. "हेन!" म्हणजे मादी, अशी हाक आली की सगळ्या बंदुका आकाशाकडे, चाप कुणी ओढत नाही. आमचा गाईड साठीचा, त्याच मातीत वाढलेला. पाखरू जखमी होऊन पडलं तर ते सापडेपर्यंत तो पुढे पाऊल टाकू देत नाही. एकदा चाळीस मिनिटं आम्ही गुडघाभर पाणकणसात एकच नर शोधत होतो. शेवटी कुत्रीनं तो आणून दिला तेव्हाच तो माणूस हसला.

सगळे गाईड असे नसतात. एका ठिकाणी सकाळी पिंजऱ्यातून पाखरं सोडली आणि तासाभरानं आम्हाला तिकडेच नेलं. ती पाखरं धड पळेनात, धड उडेनात. मी बंदूक रिकामी करून गाडीत जाऊन बसलो. त्याला मी शिकार म्हणत नाही.

टर्की या दुसऱ्या, मोठ्या रानपाखराच्या शिकारीचं वेगळं. त्यासाठी एप्रिलमध्ये राज्याच्या पश्चिम टोकाला, ब्लॅक हिल्सच्या पाइनच्या जंगलात जायचं. तिथेही हा पक्षी मूळचा नाही. १९४८ पासून न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोहून मोजकेच आणून सोडले, त्यांचा हा विस्तार. पहाटे अंधारात झाडाला पाठ लावून बसायचं. गाईड घुबडासारखा घुमतो, आणि झाडावर झोपलेला नर न राहवून ओरडतो. तो कुठे आहे ते कळतं. मग गाईड लाकडाच्या छोट्या पेटीवर झाकण घासून मादीचा आवाज काढतो. दोन हाका, मग दहा मिनिटं चिडीचूप. लाल, पांढरा, निळा कपडा अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि दुसरा शिकारी फसायचा. पहिली दोन वर्षं मी रिकाम्या हातांनी परतलो, कारण हात हलला की तो गायब.

त्या पेटीचा आवाज ऐकताना मला आमच्या शिवारातले पारधी आठवतात. पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराच्या हाकेवर ते रानातले तित्तर बोलवायचे. आजोबा त्यांना मानायचे. म्हणायचे, "रान त्यांच्या कानात असतं." या गाईडमध्ये मला तीच विद्या दिसते, आणि ती शेजारी बसून शिकायला मिळते, म्हणून पैसे देतो.

मामेबहीण म्हणते, मग कॅमेरा घेऊन जा. तिचा राग मला समजतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीला आळा घातला तो योग्यच. तिथे रानच उरलं नव्हतं. इथे बंदुकीवर, काडतुसांवर १०-११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या कायद्यानं तो वन्यजीवांच्या कामाला जातो. पण कॅमेऱ्यानं माझं भागत नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा. शेतात गेलो की काहीतरी घेऊन घरी यावं असं वाटतं. नराचं मांस कोरडं असतं, म्हणून मंद आचेवर, काळा मसाला घालून, रस्सा दाट ठेवून शिजवतो. सोबत भाकरी. एखादा छर्रा दाताखाली येतोच.

गेल्या वर्षी आबा आले होते. पट्ट्याच्या कडेला उभे राहिले, एक कणीस तोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली. "काढत का नाहीत?" पाखरांसाठी उभी ठेवतात, हे गाईडचं म्हणणं मी सांगितलं. ते बराच वेळ ज्वारीकडे बघत राहिले. आमचा गाईड सूर्य मावळायच्या तासभर आधीच शिकार थांबवतो, पाखरांना निवांत परतता यावं म्हणून. आम्ही गाडीच्या मागच्या फळीवर बसलो होतो. एकेक नर ओरडत पाणकणसात उतरायला लागला. आबा बोटांवर मोजत होते. अठ्ठाविसावर अंधार पडला.