गाविलगड: "तिथं पाहाले काई नाई" म्हणणाऱ्याचं ऐकू नका

नागपूरहून चिखलदऱ्याला जाणार असाल तर आधी हे वाचा. अख्खा दिवस तिथल्या गाविलगड किल्ल्याला द्या, वेळ उरला तरच पॉइंट बघा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण तिथं पोचल्यावर त्यांना उलटंच सांगितलं जातं.

आम्ही गाडी लावली न लावली तोच एक जीपवाला आला, दहा पॉइंट, 1800 रुपये, तीन तासांत मोकळे. किल्ल्याचं विचारलं तर म्हणे "भाऊ, तिथं पाहाले काई नाई, गेट पाहा अन् वापस या, सारा झाडोराच हाय". हॉटेलवाल्यानेही तेच सांगितलं. दमलो होतो, जीप घेतली, आणि मग कळलं की दहातले चार पॉइंट एकाच दरीचे आहेत, फक्त उभं राहायची जागा वेगळी. एका ठिकाणी तर गाडीतून उतरूही दिलं नाही, खिडकीतूनच "हा पाहा आठवा". राजेहो, स्वतःची गाडी असेल तर जीप अजिबात करू नका, पंचबोल, भीमकुंड, देवी पॉइंट सगळीकडे तुमचीच गाडी जाते. यातला देवी पॉइंट चुकवू नका, खडकाच्या पोटात देवी आहे आणि वरून पाणी ठिबकत असतं, चंद्रभागा नदी इथूनच निघते. बाकीचे धुकं असेल तर सोडून द्या, पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही.

आता किल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर निघालो आणि अंधार पडायच्या थोडं आधी बाहेर आलो, तरी दक्षिणेकडचा भाग राहिलाच. एवढा मोठा पसारा आहे आणि लोक पहिल्या दरवाजात सेल्फी काढून परत जातात याचं खरंच वाईट वाटतं. आणि हा किल्ला आपला आहे हो, नागपूरकर भोसल्यांचा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी तो घेतला आणि दोनच दिवसांनी, 17 तारखेला, देवगावला दुसऱ्या रघूजींना तह करावा लागला. त्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. नागपूरच्या शाळेत शिकलो पण हे कोणी इतक्या जवळून दाखवलं नव्हतं.

हे सगळं किल्ल्यावर पायी फिरल्यावरच समजतं. दक्षिणेकडे सरळ कडे आहेत, तिथून चढाई होणं शक्य नाही, उत्तरेची बाजूच तेवढी डोंगराला जोडलेली. म्हणून इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत उत्तरेला आणल्या आणि बाहेरचा तट फोडला. पण आत शिरल्यावर पुढे दुसरा तट शाबूत उभा! तो शिड्या लावून चढले आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला. या दोन तटांच्या मधल्या जागेत उभं राहून मागेपुढे बघा, अंगावर काटा येतो. आतल्या एका दरवाजावर गंडभेरुंड कोरलाय, दोन तोंडांचा पक्षी आणि त्याच्या पकडीत हत्ती. दगड काळा पडलाय पण हत्तींच्या सोंडा अजून नीट मोजता येतात. मी तिथून हलायलाच तयार नव्हतो.

पण त्या दरवाजापर्यंतची वाट, ती मात्र नीट ऐकून घ्या. आम्ही ऑक्टोबरात गेलो, पावसाळा नुकताच संपलेला, गवत डोक्याच्या वर. खालची जुनी फरशी शेवाळाने साबणासारखी गुळगुळीत, आणि गवतामुळे पाय कुठे पडतोय तेच दिसत नाही. मध्ये पडक्या भिंतींचे खड्डे आहेत, एक तर कमरेएवढा खोल, पूर्ण झाकलेला, पुढचा माणूस काठीने ठोकत होता म्हणून वाचलो. हा तुकडा फार लांब नाही पण आमचा तासाच्या वर वेळ खाल्ला आणि मांड्या भरून आल्या त्या इथंच. दरवाजाच्या कमानीला आग्या मोहोळ होतं, तेव्हा आरडाओरडा नको, सेंट मारून तर जाऊच नका. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, अस्वलं आहेत, एकटं जायचंच नाही. गावातला वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्या, आमच्याबरोबर आलेल्या कोरकू काकांनी जे दाखवलं ते कुठल्या जीपवाल्याला माहीतही नसेल, आणि त्यांना पैसे देताना घासाघीस करू नका.

माझं विचाराल तर डिसेंबर–जानेवारीतच जा, गवत वाळून बसलेलं असतं, वाट दिसते. माणशी तीन लिटर पाणी न्या, आत तलाव आहेत पण ते पाणी पिण्यासारखं नाही. खायलाही आत काही मिळत नाही. फुल पँट, पक्क्या ग्रिपचे बूट, काठी. लहान मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेले यांनी पहिल्या दरवाजापर्यंतच यावं, हे मी स्पष्ट सांगतोय, तिथून पुढे हौस म्हणून ओढत नेऊ नका.

नंतर मेळघाटातलंच सेमाडोह, कोलकास केलं, सिपना नदी, सागवान, निवांत. छान आहे, जा.

रस्त्याचं सांगायचं तर नागपूर–अमरावती हायवे, मग वलगाव, आसेगाव करत परतवाडा, त्यात काही त्रास नाही. पेट्रोल परतवाड्यातच फुल करा. पुढे धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारा घाट दिवसाउजेडीच करा, संध्याकाळी धुकं उतरलं की समोरच्या गाडीचा लाईट अगदी जवळ आल्यावरच दिसतो, आणि वळणावर लोक हॉर्नही देत नाहीत. उतरताना मोथ्याला रबडी खायला थांबायचं असेल तर चारच्या आत थांबा, म्हणजे परतवाडा उजेडात गाठता येतं.