कुठपर्यंत येतंय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षकांचे गुणगान पुष्कळ होईल, म्हणून शाळा सुटल्यावर चालणाऱ्या शंकांच्या अर्ध्या तासाबद्दलच लिहितो. विषय कोणताही असो, 'सर, हे येत नाही' म्हटले की उलट प्रश्न ठरलेला: 'कुठपर्यंत येतंय?' मग वही उघडायची, केलेले दाखवायचे. खोडरबराला बंदी. खोडले की चूक कुठे सुरू झाली तेच पुसले जाते.

गणितात याचा उपयोग सगळ्यात जास्त. क्ष² = ५क्ष हे समीकरण घ्या. दोन्ही बाजूंना क्षने भागायचे, क्ष = ५ लिहायचे, की मुले मोकळी. उत्तरसूचीत मात्र ० आणि ५. इथे 'अवयव पाड' एवढेच सांगितले तर रीत पाठ होते, पण भागाकार का फसला ते कळत नाही. सर आधी क्षच्या जागी ० घालायला लावत. दोन्हीकडे शून्य, म्हणजे उत्तर बसते. मग विचारत, 'तू कशानं भागलंस?' क्ष शून्यही असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, हे पोराच्याच तोंडून आले की मगच क्ष(क्ष − ५) = ० फळ्यावर उमटे.

रसायनशास्त्रातली नेहमीची खोट म्हणजे पाण्याचे समीकरण. उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो, म्हणून पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिला जातो. हिशेब जुळतो खरा, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते! बाई प्रत्येक सूत्राभोवती पेन्सिलने चौकट आखत. चौकटीतल्या आकड्यांना हात लावायचा नाही, जे लिहायचे ते चौकटीच्या डावीकडे. मग हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन, असे आपोआप बसते.

व्याकरणात 'ने' दिसला की कर्मणी, हा गैरसमज फार चिवट. 'मुलाने पत्र लिहिले' आणि 'शिपायाने मुलाला अडवले', दोन्हीकडे 'ने' आहेच. व्याख्या बाजूला ठेवून कर्म बदलून पाहायचे. पत्राऐवजी चिठ्ठी घेतली की 'लिहिली' होते. क्रियापद कर्मामागे गेले, म्हणून कर्मणी. मुलाऐवजी मुलगी घेतली तरी 'अडवले' जागचे हलत नाही. तो भावे.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, असे भूगोलाच्या तासाला कुणीतरी म्हणणारच. बाई ते लगेच खोडून काढत नसत. 'मग त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा कसा?' एवढेच विचारत. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी असते. खरे कारण आस २३.५ अंशांनी कललेला असण्यात आहे. ते टॉर्चने दिसते. कागदावर सरळ धरला तर लहान, झगझगीत गोल. तिरपा केला की तोच उजेड लांबट पसरतो आणि मंदावतो.

इतिहासाचे सर तारखा पाठ करवत, पण तारखांमधल्या फटीवर बोट ठेवत. सारायेव्होतली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या २८ जून १९१४ ची, पहिल्या महायुद्धातली युद्धाची पहिली घोषणा २८ जुलैची. मधला महिनाभर काय चालले होते? निमित्त आणि कारण यांतला फरक तिथेच सापडे.

शेवटी 'समजलं का?' कुणीच विचारत नसे, कारण त्याला 'हो' हेच उत्तर येते. दोन दिवसांनी ६क्ष² = १८क्ष फळ्यावर असे आणि खडू आपल्या हातात.