पाणी पोहोचले तिथेच खडक बदलला

खडकाचे रूपांतरण तापमान आणि दाब या दोन गोष्टींवर ठरते, असे भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षी शिकवले जाते आणि पाठ्यपुस्तकातील आलेखही त्याच दोन अक्षांवर काढलेले असतात. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, बर्गेन शहराजवळच्या होल्सनोय बेटावर जे उघडे खडक दिसतात, ते या शिकवणुकीला खोटे ठरवत नाहीत. परंतु ती किती अपुरी आहे हे त्यांच्याइतके स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

या बेटावरचा मूळ खडक ग्रॅन्युलाइट, म्हणजे प्रखर उष्णतेत रूपांतरित झालेला खडक, आहे. सुमारे 93 कोटी वर्षांपूर्वी खंडीय कवचाच्या खालच्या भागात, 800 अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात तो घडला आणि त्या वेळीच त्यातील जवळजवळ सगळे पाणी निघून गेले. पुढे सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वी, बाल्टिका आणि लॉरेन्शिया ही भूखंडे एकमेकांवर आदळून कॅलेडोनियन पर्वत उभा राहत असताना, हाच कोरडा खडक 50 ते 60 किलोमीटर खोलीपर्यंत दाबला गेला. तिथे दाब 15 ते 20 किलोबार आणि तापमान 700 अंशांच्या आसपास होते. आलेखाप्रमाणे पाहिले तर त्या संपूर्ण खडकाचे एक्लोजाइट, म्हणजे प्रचंड दाबाखाली बनणारा जड रूपांतरित खडक, व्हायला हवे होते. प्रत्यक्षात बेटाचा मोठा भाग आजही ग्रॅन्युलाइटच आहे. एक्लोजाइट दिसते ते भेगांच्या कडेने आणि काही सेंटिमीटरपासून शंभराहून अधिक मीटर रुंदीच्या कर्तन पट्ट्यांमध्ये, म्हणजे ज्या पट्ट्यांत खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत सरकले आणि मधला खडक ताणला गेला, तिथे. दोन्ही खडकांनी एकच खोली, एकच दाब सोसला. पाणी मात्र एकालाच मिळाले. भूवैज्ञानिक होकोन ऑस्ट्रहाइम यांनी 1987 साली नेमकी हीच मांडणी केली: एक्लोजाइट होणे हे कर्तन पट्ट्यांतून आत शिरलेल्या द्रायूंवर, म्हणजे पाण्यासारख्या वाहत्या पदार्थांवर, अवलंबून होते.

पिठाला कितीही दाबले तरी पाण्यावाचून कणीक होत नाही, तसेच हे आहे. कोरड्या खडकात अणूंना एका खनिजातून दुसऱ्या खनिजाकडे जाण्यासाठी वाहक नसतो आणि घन पदार्थातून त्यांचे विसरण, म्हणजे आपोआप पसरणे, इतके संथ असते, की लक्षावधी वर्षेही अपुरी पडतात. द्रायू आला की ग्रॅन्युलाइटमधले प्लॅजिओक्लेज हे खनिज विरघळू लागते आणि त्याच जागी नवी खनिजे जमतात: त्यातील कॅल्शियमयुक्त अंशापासून झोइसाइट, कायनाइट आणि क्वार्ट्झ, तर सोडियमयुक्त अंश ओम्फासाइट या हिरव्या खनिजात जातो. यासाठी लागणारे पाणी फार नसते. खडकाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी.

मला यातला सर्वांत रंजक भाग वाटतो तो विरूपण, म्हणजे ताणाखाली खडकाचा आकार बदलणे, आणि द्रायू यांच्यातील देवघेवीचा. कोरडा ग्रॅन्युलाइट अतिशय बळकट असतो. 700 अंशांनाही तो सहज वाहत नाही. त्यात पाणी शिरून नवी खनिजे तयार झाली, की त्यांचे कण बारीक असतात आणि बारीक कणांचा खडक ताणाखाली सहज सरकतो. शिवाय नव्या खनिजांची घनता अधिक असल्यामुळे त्यांना कमी जागा लागते, सूक्ष्म पोकळ्या उघडतात आणि द्रायूला पुढची वाट मिळते. म्हणून विरूपण पट्ट्यातच एकवटत जाते आणि शेजारचा ग्रॅन्युलाइट, कधी कधी एक्लोजाइटने वेढलेल्या ठोकळ्यांच्या रूपात, तसाच शिल्लक राहतो.

प्रश्न उरतो तो पहिल्या भेगेचा. इतक्या खोलीवर खडक तुटत नाही, तो वाहतो, असे सर्वसाधारण गृहीतक आहे. होल्सनोयवर मात्र स्यूडोटॅकिलाइटच्या शिरा सापडतात. भूकंपाच्या वेळी प्रस्तरभंगावर झालेल्या घर्षणाने खडक क्षणार्धात वितळून पुन्हा गोठला, की हा काचेसारखा पदार्थ बनतो. त्या शिरांत एक्लोजाइटचीच खनिजे आढळतात, त्यामुळे ते भूकंप कवचाच्या खालच्या भागात झाले, असे 1994 मध्ये मांडले गेले. कोरडेपणामुळे खडक इतका ताठ राहिला की तो वाकण्याऐवजी तडकला आणि त्या तड्यांतून पाणी आत आले, हा क्रम मला पटणारा आहे. 2005 साली आणखी एक धाडसी मांडणी झाली: फ्लोगोपाइट या अभ्रकात साठणाऱ्या, पण तापल्यावर निसटणाऱ्या आर्गॉन वायूपैकी जो टिकून राहिला त्याच्या आधारे, न बदललेला ग्रॅन्युलाइट 400 अंशांपेक्षा कमी तापमानाचा होता आणि उष्ण द्रायूंचे झोत एकूण सुमारे 18 हजार वर्षेच आले, असा तो दावा होता. तो सर्वांनी स्वीकारलेला नाही. कोरड्या खडकात आर्गॉन बाहेर पडायलाही अडचण येत असणार, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. कारण मग आर्गॉनचे घड्याळसुद्धा पाण्याच्याच अभावाने फसलेले असू शकते.

हे सगळे जुन्या पर्वताच्या मुळापुरते मर्यादित नाही. दक्षिण तिबेटखाली सरकलेल्या भारतीय भूपट्टाच्या खालच्या कवचात भूकंपलहरींचा वेग जास्त आढळतो आणि तिथे एक्लोजाइट बनत असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. एक्लोजाइट जड, म्हणून ते मुळाला खाली ओढते. कोरडा ग्रॅन्युलाइट तुलनेने हलका आणि बळकट, म्हणून तो वरच्या पठाराचा भार पेलू शकतो. तेव्हा तिबेटखालच्या कवचाचा विचार करताना खोली आणि तापमान यांच्याबरोबर तिथले पाणी कोणत्या पट्ट्यांतून कुठवर पोहोचले आहे, हेही हिशेबात धरावे लागते.