लेकीला गाडी लागते, तर सेडान कुठली घ्यायची?

आमच्या लेकीला गाडी लागते. बेळगावातनं निघालं की जांबोटीपर्यंत ती खिडकीतनं म्हशी मोजते, कणकुंबीच्या आसपास गप्प होते आणि चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की मागनं बायकोचा आवाज येतो, "अहो, बाजूला घ्या, बाजूला घ्या." सासुरवाडी गोव्यातल्या डिचोलीची, त्यामुळं हा कार्यक्रम महिन्या-दोन महिन्यांनी ठरलेला. अकरा वर्षं वापरलेली गाडी बदलायची असं गेल्या जूनमध्ये ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात होती ताकद.

उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. ड्रॉइंगवर जो आकडा आहे तो मायक्रोमीटरवर दिसला पाहिजे, यावर आमचं पोट चालतं. त्यामुळं गाडीसाठीही मी कागद आखला. एसयूव्ही घे असं दहापैकी नऊ जणांनी सांगितलं. खरं, मला सेडानच पाहिजे होती: गाडीचा भार जितका खाली तितकी ती वळणावर कमी कलंडते. शिवाय डिकीत शॉपमधल्या तयार मालाचे दोन खोके आणि खानापूरच्या शेतातलं तांदळाचं पोतं एकदम मावलं पाहिजे. सियाझ 2025 च्या एप्रिलमध्ये बंद झाली होती, म्हणजे तिचा विचार जुन्या बाजारातच. डिझायर बाबांना आवडली होती, पण तिची डिकी 382 लिटरची. कागदावर उरल्या चार: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाविया. चौघींच्या डिक्या 500 लिटरच्या वर. शेवटच्या दोन तर बहिणीच; इंजिनं तीच, सांगाडा तोच.

आकडे लिहिताना पहिला धक्का बसला. सिटीचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन 121 पीएसचं (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच). व्हर्टस-स्लावियाचं लहान इंजिन फक्त एक लिटरचं, तीनच सिलिंडर, खरं टर्बोवालं, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, आणि ते 115 पीएसचं. सहाचा फरक, म्हणजे सिटी सरस? तर तसं नाही. ओढ म्हणजे टॉर्क बघा. सिटीचा 145 न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला 4300 फेऱ्यांवर गेल्यावर. लहान टर्बोचा 178, आणि तो 1750 फेऱ्यांपासून हजर. घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन दुसऱ्या गिअरवर चढताना जो फरक कळतो तो हा. माथ्यावरचा पीएसचा आकडा त्या वेळी कामाला येत नाही. व्हर्नाचं साधं इंजिन 115 पीएस, जवळजवळ सिटीच्याच वळणाचं. तिचं टर्बो मात्र 160 पीएस आणि 253 न्यूटन मीटर. हे वाचून मी आठवडाभर टर्बो व्हर्नाच्या नादात होतो, हे कबूल करतो.

शोरूमची चक्कर म्हणजे चेष्टाच असते. एका ठिकाणी पोरगं शेजारी बसून सपाट सर्व्हिस रोडवर तीन किलोमीटर फिरवून आणलं आणि विचारतो, "हँडलिंग कसं वाटलं सर?" वळणच नव्हतं तर काय वाटणार? चोर्ल्यापर्यंत गाडी द्या म्हटलं, तर मॅनेजर हसले. त्याच शोरूमच्या कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात 'हँडलिंग चार्जेस' म्हणून एक रक्कम होती. म्हटलं, हँडलिंग दाखवलं नाहीत आणि पैसे लावलेत? पोरगं आत जाऊन आलं आणि "आयतु सर, काढतो" म्हणालं. सीट कव्हर, चटया, पॉलिश, त्यांचाच इन्शुरन्स, हे सगळं मात्र एकेक करून भांडून काढावं लागलं. कोटेशन हातात आलं की एक्स-शोरूम, टॅक्स आणि इन्शुरन्स या तीन ओळी सोडून बाकी प्रत्येक ओळीला "हे काय?" असं विचारा. उत्तर लांबलं तर ती ओळ खोडायची.

टॅक्सची ओळ खोडता येत नाही, आणि आपल्याकडं तीच सगळ्यात जड. 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाड्यांवरचा कर 45 वरून 40 टक्क्यांवर आला, तेव्हा मी थांबलो होतो ते बरंच झालं. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांचा तर 18 वर आला. तेव्हा बाबांची डिझायर पुन्हा चर्चेत आली. पण रोड टॅक्स राज्याचा. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला 14 टक्के, 10 लाखांच्या वर गेली की 17, आणि त्या टॅक्सवर 11 टक्के सेस. 15 लाखांची गाडी धरा: 2,55,000 टॅक्स, 28,050 सेस, एकूण 2,83,050. कोल्हापुरात त्याच पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 1,80,000. लाखाचा फरक, आणि मधे फक्त कोगनोळीचा टोल नाका.

कोल्हापूरच्या आत्येभावाचा फोन आलाच. "माझ्या पत्त्यावर घे की. एमएच-09 नंबर, लाख रुपये खिशात." दोन रात्री झोप लागली नाही. मोह नव्हता असं म्हणणार नाही. मग एका जाणत्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की तिथं नव्यानं नोंदवावी लागते, म्हणजे इथला टॅक्स चुकत नाही. शिवाय राहता बेळगावात आणि कागद कोल्हापूरचे, उद्या अपघाताचा क्लेम अडकला तर लाखाचे पाच जातील. बाबा त्यावर एवढंच म्हणाले, "भाषेसाठी आयुष्यभर बोंबललो, खरं टॅक्स इथंच भरला. तूही भर."

भरवसा कुणाचा, हे विचारायला शहापुरातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडं गेलो. मी कागद उघडला तर त्यांनी तो मिटला. "मालक, माझ्याकडं कुठली गाडी येते ते विचारू नका. जी जास्त खपते ती जास्त येते. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली कुठली गाडी मालक विकायला तयार नाही ते बघा." त्यांचं म्हणणं, टर्बो वाईट नाही, पण तिला ठरलेलं तेल ठरलेल्या वेळेला लागतं आणि मालकाला शिस्त लागते. व्हर्टस-स्लावियाच्या मोठ्या दीड लिटर इंजिनाला जो सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, येतो त्याचे क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. गर्दीत इंच-इंच सरकताना असे क्लच तापतात, म्हणून टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर रोज उभं राहणाऱ्या माणसानं दोनदा विचार करावा. एक लिटरला मात्र साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातनं ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, आहे, त्याची काळजी नाही. एवढं सांगून ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

त्यांच्याच बोलण्यावरनं मला युक्ती सुचली. शोरूमची नवी कोरी गाडी कशाला? ओळखीच्यांची वापरलेली गाडी एका रविवारी मागून घ्यायची, टाकी भरून परत द्यायची. बेळगावात एवढी माणुसकी अजून आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर तीन रविवारी तीन गाड्या घेऊन चोर्ला उतरलो आणि चढलो.

पहिली टर्बो होती. काय ओढ! चढावर ट्रक दिसायचा आणि पुढच्या क्षणी आरशात असायचा. मी खूश. तिसऱ्या वळणावर मागनं आवाज: बाजूला घ्या. दुसऱ्या रविवारी दुसरी गाडी, तीच गत. उलट थोडी आधीच. कुठली गाडी कुठल्या रविवारी ते सांगत नाही, कारण दोष गाड्यांचा नव्हताच. डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं: कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, मेंदूचा गोंधळ होतो आणि पोट ढवळतं. म्हणून तिला मधे बसवून समोरचा रस्ता बघायला लावायचो, मोबाइल बंद. तरीही तेच.

परत येताना कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाच्या देवळापाशी थांबलो होतो. लेक पायरीवर लिंबू हुंगत बसलेली. बाबा म्हणाले, "गाडी नाही, तुझा पाय लागतोय तिला."

राग आला. पण पुढं जांबोटीपर्यंत मी मुद्दाम स्वतःकडं लक्ष दिलं. वळणापर्यंत जोरात जायचं, आयत्या वेळी ब्रेक, वळण संपलं की पुन्हा दाबायचं. टर्बो असली की ही दाबादाबी अजून गोड लागते. मला जे हँडलिंग वाटत होतं ते मागच्या सीटवर नुसते हिसके होते.

तिसऱ्या रविवारी चावी बायकोकडं दिली आणि मी मागं, लेकीशेजारी बसलो. गाडी होती मेव्हण्याच्या मित्राची सिटी, सीव्हीटी. सीव्हीटीला लोक नावं ठेवतात: अॅक्सिलरेटर दाबला की आवाज आधी, गाडी नंतर. ते खरंच आहे. पण यात गिअर बदलायची पायरीच नसते. आमच्या जुन्या लेथवर वेग बदलायचा तर पट्टा पुलीच्या एका पायरीवरनं दुसऱ्या पायरीवर टाकावा लागायचा आणि प्रत्येक वेळी मशीन दचकायचं. इथं पायऱ्यांच्या जागी दोन निमुळत्या पुल्या, मधे पोलादी पट्टा. प्रत्येक पुलीचे दोन भाग जवळ-लांब होतात तसा वेग सरकत बदलतो. बायको तीसच्या वर जाईना. मागनं गोव्याची एक कदंबा बस हॉर्न मारत राहिली, हिनं जागा मिळाल्यावर शांतपणे तिला पुढं सोडलं. घाटाखालचं साखळी गाव आलं तेव्हा लेक माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती.

न्याय म्हणून बायकोच्या हाती टर्बो स्लावियाही दिली, एक लिटरची ऑटोमॅटिक. त्यातही लेकीला काही झालं नाही. म्हणजे पोटाचा प्रश्न दोन्हीकडं सुटला होता. 179 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे, आणि घाटात इंजिन न ओरडता गाडी चढते. कागदावर मी तिलाच पुढं ठेवलं असतं. सिटीचा क्लिअरन्स 165, आणि मागच्या पिढीच्या सिटीला 2022 मध्ये तारे चार मिळालेले, हे मेव्हण्यानं दहा वेळा ऐकवलं. बायको म्हणाली, "घाट मी चालवणार, मग मला सोपी कुठली ते मी सांगते." तिला सिटीचं हलकं स्टिअरिंग आणि बाहेरचं सगळीकडचं दिसणं आवडलं. चार सिलिंडरचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन मिस्त्रींनाही पसंत. दिवाळीनंतर बुकिंग केलं.

अडचण उरली बाबांची. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि सिटी बसायला खाली. आधी बसता येतं, पण पाय आत वळवताना गुडघा पिळवटतो. मी शॉपमध्ये पांढऱ्या नायलॉनच्या दोन चकत्या काढल्या, ताटाएवढ्या. एकीला मधे खुंटी, दुसरीला भोक, तोंडाला तोंड लावून बारीक फिनिश मारला आणि वरनं जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवला. बाबा दाराकडं तोंड करून चकतीवर बसतात, दोन्ही पाय जुळवून गर्रकन आत वळतात, मग थोडं उठून ती काढतात आणि पट्टा लावतात. पहिल्यांदा वळले तेव्हा दोनदा उगाचच फिरून बघितलं त्यांनी.

गाडी आता महिन्याभराची झाली. नंबर केए-22. लाखाचा हिशोब आत्येभाऊ अजून काढतो. डिचोलीला दोन फेऱ्या झाल्या. घाट सुरू व्हायच्या आधी कणकुंबीला आम्ही जागा बदलतो, मी मागं. रोज सकाळी उद्यमबागेला निघताना मात्र सीट पुढं ओढलेली असते आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात.