ग्वांगडोंगमधले कारखाने: आठ ठरवले, पाच झाले, खरे निघाले तीन

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात चार दिवसांत आठ कारखाने कागदावर आरामात बसतात. प्रत्यक्षात पाच दारं गाठून झाली, आणि त्यातली स्वतःची मशिनं असलेली तीनच. उरलेल्या दोनांपैकी एक निव्वळ व्यापाऱ्याचं ऑफिस होतं, भिंतभर सॅम्पलं मांडलेलं. दुसऱ्याने शेजारच्याचा कारखाना आपला म्हणून फिरवून दाखवला. दोन्ही गोष्टी निघण्याआधी घरबसल्या कळण्यासारख्या होत्या, म्हणून हा वृत्तांत बराचसा त्या तपासणीचा आहे आणि रस्त्याचा आहे. तुम्हाला दिवसाला पंधरा हजार पावलं चालता येतात, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हाताळता येतो आणि विमानतळाची सवय आहे, एवढं धरून चाललोय. सूर कुठे कडक लागला तर तो थकव्याचा समजा.

आधी व्हिसा, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही. कारखाने बघायला एम प्रकारचा, म्हणजे व्यापारी व्हिसा. त्यासाठी चिनी कंपनीचं शिक्का मारलेलं निमंत्रणपत्र लागतं. ते मागितल्यावर समोरचा चार दिवस टाळतो की त्याच दिवशी पाठवतो, यावरून त्याचीही थोडी परीक्षा होते. खरा सापळा हाँगकाँगचा. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून लोक हाँगकाँगला उतरतात, शेन्झेनला जातात, मध्येच एखाद्या मीटिंगसाठी परत हाँगकाँगला येतात. हाँगकाँगची इमिग्रेशन वेगळी असल्यामुळे तिथे पाऊल टाकलं की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा संपतो. मग शेन्झेन समोर दिसतं, पण आत जाता येत नाही. असा बेत असेल तर दोन किंवा अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागा. भारतीय पासपोर्ट असेल तर हाँगकाँगसाठी निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, तीही विसरू नका.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक सप्लायरकडून व्यवसाय परवान्याचा फोटो मागवा. तिथे त्याला 'यिंगये झ्रझाओ' म्हणतात. फोन अनुवाद करतो, त्यामुळे भाषेची सबब नाही. त्यावर अठरा अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो कंपन्यांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावर टाकला की कंपनी जिवंत आहे का, कधी स्थापन झाली, मालक कोण, हे सगळं निघतं. सगळ्यात बोलका रकाना म्हणजे व्यवसायाची व्याप्ती. त्यात 'शेंगचान' किंवा 'झ्रझाओ' (परवान्यातल्या शब्दासारखा ऐकू येतो, पण वेगळा), म्हणजे उत्पादन, हा शब्द असला पाहिजे. नुसतं 'श्याओशौ' आणि 'माओई', म्हणजे विक्री आणि व्यापार, एवढंच असेल तर समोरचा व्यापारी आहे, वेबसाइटवर धूर सोडणाऱ्या चिमण्या असल्या तरी. व्यापारी वाईटच असतो असं नाही. छोट्या ऑर्डरी आणि दहा प्रकारचा मिश्र माल असेल तर तोच बरा पडतो. पण कारखाना बघायला म्हणून त्याच्याकडे दिवस घालवू नका.

मग पत्ता. परवान्यावरच्या पत्त्यात मजला आणि खोली क्रमांक आला की कान टवकारा. शेन्झेनमध्ये असेंब्लीचे छोटे कारखाने वरच्या मजल्यांवर असतात, हे खरं आहे. पण अडीचशे टनी प्रेस विसाव्या मजल्यावर नसते. दुसरी कसोटी: 'फाटकाजवळ उभं राहून वीचॅटवर लोकेशन पाठवा' असं सांगा (वीचॅट म्हणजे तिथलं मेसेजचं अ‍ॅप) आणि आलेला ठिपका परवान्यावरच्या पत्त्याशी जुळवा. हे गाओदे या चिनी अ‍ॅपच्या नकाशावर किंवा अ‍ॅपलच्या नकाशावर करा. गुगलच्या नकाशावर चीनमधले रस्ते आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांपासून काहीशे मीटर सरकलेले असतात, त्यामुळे कारखाना कधी नदीत दिसतो, कधी शेतात.

डोंगग्वानबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया गेला. या शहराला जिल्हेच नाहीत. अठ्ठावीस टाऊन आणि चार उपनगरं मिळून ते बनलंय, आणि प्रत्येक टाऊनचा धंदा वेगळा. चांगआनला साचे आणि धातूचे सुटे भाग, होउजिएला फर्निचर आणि पादत्राणं, हुमेनला कपडे, दालांगला लोकरीचा माल. 'आम्ही डोंगग्वानला आहोत' या वाक्याला काही अर्थ नाही. टाऊनचं नाव विचारा. दोन टाऊनांमध्ये दुपारच्या वाहतुकीत तास-दीड तास सहज जातो आणि सप्लायर मात्र फोनवर 'जवळच आहे' म्हणत राहतो. जवळ म्हणजे त्याच्या गाडीने, त्याच्या वेळेला, रस्ता रिकामा असताना.

आणि ती गाडी. हा या प्रवासातला सगळ्यात महागडा 'फुकट' प्रकार. सप्लायर स्टेशनवर गाडी पाठवतो, फार बरं वाटतं. मग गाडी आधी शोरूमला जाते, मग चहा, मग त्याच्या मित्राचा 'पॅकेजिंगचा कारखाना', मग जेवण. कारखान्यात पाय पडतो तेव्हा साडेबारा वाजलेले असतात आणि लाइन बंद! बाराच्या सुमाराला जेवणाची सुट्टी होते, कामगार जेवून बाकावर डोकं टेकून झोपतात आणि दीडनंतर मशिनं पुन्हा सुरू होतात. बंद लाइन बघून काही कळत नाही. म्हणून सकाळी दहा आणि दुपारी अडीच, एवढ्या दोनच वेळा पक्क्या करा. तिथे दीदीने, म्हणजे अ‍ॅपवरून मागवायच्या टॅक्सीने, स्वतः जा, ती अलीपे या पैसे भरायच्या अ‍ॅपमधूनही बोलावता येते. परतीला सप्लायरची गाडी हवी तर घ्या, तेव्हा तो वेळ खाऊ शकत नाही. दुभाष्या स्वतः ठरवा, सप्लायरने सुचवलेला नको. काही दुभाषे कारखान्यांकडून कमिशन घेतात, आणि ते कमिशन शेवटी तुमच्या दरातच मिसळलेलं असतं.

मार्ग एका दिशेने वाहता ठेवा. ग्वांगझो, फोशान, झोंगशानमधलं गुझेन, मग समुद्रावरून शेन्झेन, शेवटी डोंगग्वान. ३० जून २०२४ ला शेन्झेन–झोंगशान जोडमार्ग सुरू झाला, २४ किलोमीटरचा. त्यामुळे पर्ल नदीच्या पश्चिमेकडून पूर्वेला जायला आता हुमेनच्या पुलावरून वळसा घालावा लागत नाही. ड्रायव्हर जुन्या सवयीने हुमेनकडे वळला तर आधीच थांबवा. उलटसुलट बेत आखला तर दोन दिवस गाडीतच जातात. ग्वांगझोमध्ये विमानतळ उत्तरेला आणि वेगवान गाड्यांचं दक्षिण स्टेशन पार दुसऱ्या टोकाला. तिकिटावर 'ग्वांगझो', 'ग्वांगझो पूर्व' की 'ग्वांगझो दक्षिण' हे दोनदा वाचा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फलाटाचं दार बंद होतं, तिथे गयावया चालत नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांनी माणूस बसलेल्या खिडकीच्या रांगेत जावं. सामानात कटर किंवा चाकूचं सॅम्पल असेल तर ते स्टेशनच्या तपासणीतच काढून घेतात, कुरिअरने पाठवा.

फोशान आणि गुझेन विनातक्रार पार पडले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दिव्यांच्या धंद्यात असाल तर गुझेनला एक दिवस जास्त ठेवा.

कारखान्यात शिरल्यावर काय बघायचं? उसना कारखाना ओळखायला चहाच्या खोलीतून बाहेर पडा. फाटकावरच्या पाटीवर, हजेरीच्या यंत्रावर, कामगारांच्या गणवेशावर आणि भिंतीवरच्या आग लागल्यास बाहेर पडण्याच्या नकाशावर कुठलं नाव आहे? ते परवान्यावरच्या नावाशी जुळतं का? तुमचा यजमान स्वच्छतागृह शोधत असेल, किंवा सुपरवायझर त्याला ओळखत नसेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. तयार मालाच्या गोदामात खोक्यांवरची नावं वाचा. फोटो विचारून काढा.

क्षमतेचे आकडे तोंडी घेऊ नका, स्वतः मोजा. प्लास्टिकच्या मोल्डिंग मशिनसमोर घड्याळ लावून उभे राहा. साचा उघडून पुन्हा उघडेपर्यंत ४० सेकंद लागत असतील तर तासाला ९० फेऱ्या. साच्यात चार खाचे असतील तर तासाला ३६० नग, वीस तास चाललं तर दिवसाला ७,२००. त्या मापाची दोन मशिनं आहेत आणि तो दिवसाला पन्नास हजारांचं बोलतोय, तर उरलेला माल बाहेरून येणार. कुठून, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पोलादाच्या मालात चुंबक घेऊन जाणारे बरेच फसतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३०४ (स्टेनलेस स्टीलची चांगली प्रत), असं नसतं. स्वस्तातलं २०१ सुद्धा चुंबकाला धरत नाही, आणि खोल ओढून घडवलेलं अस्सल ३०४ थोडं धरतं. २०१ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. ते मँगनीज दाखवणारं थेंबाचं रसायन तिथे सर्रास मिळतं, पण खात्रीचा निकाल हवा तर हातातला स्पेक्ट्रोमीटर किंवा प्रयोगशाळा. सोबत व्हर्नियर, स्टीलची टेप, लटकवून वजन करायचा काटा आणि बंद बोटांचे बूट. प्रेस शॉपमध्ये सँडल घालून जाणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेत नाही.

खोकं पाडून बघायला सांगा. १० किलोपर्यंतचं खोकं ७६ सेंटीमीटरवरून, दहा वेळा: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. 'आमचं पॅकिंग मजबूत आहे' म्हणणारे तिसऱ्या वेळेला गप्प होतात.

दराचं बोलणं आकड्यावरून सुरू करू नका. आधी विचारा, हा दर १३ टक्के व्हॅटसह आहे की व्हॅटशिवाय? निर्यातीचा हक्क नसलेले छोटे कारखाने व्हॅटशिवायचा दर सांगतात. तो स्वस्त दिसतो, पण मग निर्यातीला मध्ये एजंट घालावा लागतो आणि फरक तिथे निघून जातो. मग विचारा, एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा दर, कुठल्या बंदराचा? नानशा आणि यानतियान यांच्यातल्या ट्रकच्या भाड्याचा वाद नंतर सुरू होतो. खोक्याची मापं तिथेच घ्या. वीस फुटी कंटेनर कागदावर ३३ घनमीटरचा असला तरी प्रत्यक्षात २६ ते २८ च भरतो.

करारात कंपनीचं चिनी नाव घाला. इंग्रजी नाव ही सोयीची पाटी असते, कायद्याच्या लेखी त्याला किंमत नाही. सहीपेक्षा शिक्का महत्त्वाचा: लाल, गोल, मध्ये तारा. ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी, ही नेहमीची पद्धत. पण बाकीचे पैसे तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच द्यायचे, हे लिहून घ्या. तपासणी आयएसओ २८५९-१ (नमुने काढून तपासायचं मानक) प्रमाणे, सर्वसाधारण पातळी दोन, स्वीकाराची मर्यादा (एक्यूएल) मोठ्या दोषांना २.५ आणि छोट्यांना ४.०. म्हणजे २,००० नगांच्या खेपेत १२५ तपासायचे, मोठे दोष ७ पर्यंत चालतील, ८ वा सापडला की खेप परत. हे आकडे करारात नसतील तर 'चांगली क्वालिटी' या दोन शब्दांवर भांडत बसाल. मंजूर सॅम्पलांचे दोन संच पिशवीत घालून त्यावर दोघांच्या सह्या, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. पैसे भरायचं खातं परवान्यावरच्या नावाचंच हवं. 'खातं बदललंय' असा ईमेल आला तर पैसे न पाठवता व्हिडिओ कॉल करा, त्याच माणसाला, आधीपासून असलेल्या नंबरवर.

फोन आणि पैसे घरूनच लावून जा. गुगल, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या सिमवर चालत नाही. आपल्या कंपनीचं रोमिंग घेतलं तर चालतं, कारण डेटा घरच्या नेटवर्कमधून जातो. अलीपे आणि वीचॅट पेला परदेशी कार्ड जोडता येतं, पण पासपोर्टची पडताळणी आणि कार्डाचा ओटीपी निघण्याआधीच उरकून घ्या. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. नोटा थोड्याच ठेवा. आणि विमानतळावर 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणाऱ्याला नाही म्हणा. मीटरच्या टॅक्सीची रांग दारातच असते.

पॉवर बँक तपासा. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात ३सी (चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचं) चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. बॅटरी असलेली सॅम्पलं बॅगेत कोंबू नका, सप्लायरला रीतसर घातक माल म्हणून पाठवायला सांगा.

तारखा: चिनी नववर्षाच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे अजिबात नको. आधी कामगार गावाला निघालेले असतात, नंतर नवखे आलेले असतात, आणि त्या काळात निघालेला माल सगळ्यात जास्त परत येतो. १ ते ७ ऑक्टोबरही बंद. १५ ऑक्टोबरला कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन सुरू होतं, तेव्हा ग्वांगझोत हॉटेलं महागतात आणि कारखान्याचे मालक स्टॉलवर असतात. जत्रा बघायची असेल तर जत्रा बघा, कारखाने तिच्यानंतर.