महिन्याची यादी गेली की दुकान जातं

सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, टिळक नगर. इंदूरच्या या वस्त्यांमधल्या कुठल्याही किराणा दुकानाला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. एक रोजचं: दुधाची पिशवी, ब्रेड, दहाचा बिस्किटपुडा, ऐनवेळी संपलेला पावशेर रवा. दुसरं महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, हातात यादी घेऊन येणारं. दुकानात वर्दळ दिसते ती पहिल्यामुळे, पण दुकान चालतं दुसऱ्यामुळे. मोठं सुपरस्टोअर उघडलं की ते नेमकं हे दुसरं गिऱ्हाईक उचलतं. म्हणून वर्ष-सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला काही कळत नाही. गर्दी तशीच, काउंटरवर पोरं तशीच, आणि मग एक दिवस शटर खाली.

हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण मध्यम दुकानाचा सांगाडा असाच असतो. धरा, महिन्याची विक्री ५ लाख आणि सगळा माल मिळून ढोबळ नफा ११ टक्के, म्हणजे ५५,००० रुपये. त्यातून भाडं १२,०००, पोऱ्याचा पगार १०,०००, फ्रीज आणि दिवे मिळून वीज ४,०००, जीएसटीच्या कंपोझिशन योजनेचा (छोट्या दुकानदारांचा ठोक कर) करपात्र मालाच्या विक्रीवर एक टक्का साधारण ३,५००, सियागंजच्या घाऊक बाजारातून माल आणायची हम्माली आणि लोडिंग रिक्षा २,५००, उंदीर-कीड-फुटतूट २,०००. एकूण ३४,०००. मालकाच्या घरी जातात २१,०००.

आता पाच-पाच हजारांच्या तीस याद्या गेल्या. विक्री दीड लाखाने, म्हणजे ३० टक्क्यांनी घटली. पण यादीत डाळी, सुटे मसाले, सुकामेवा, पोहे, साबुदाणा असतात आणि त्यांवर नफा जरा बरा असतो. बारा टक्के धरला तर १८,००० रुपये गेले. खर्च मात्र कमी होतो तो कराच्या हजारभर रुपयांनीच. भाडं, वीज, पगार जागच्या जागी. हातात उरतात ४,०००. विक्री एक तृतीयांशही घटली नाही आणि कमाई एक पंचमांशावर आली. उरलेली विक्री बघावी तर दुधाची, ज्यावर दोन-चार टक्के सुटले तरी खूप.

सुपरस्टोअरला स्वस्त विकणं परवडतं यात जादू नाही, आणि निव्वळ लबाडीही नाही. किराणा दुकानाला कंपनीचा माल वितरकाकडून येतो. वितरकाचे चार-पाच टक्के त्यात धरलेले असतात. मोठी साखळी थेट कंपनीकडून ट्रकने घेते. बिल लवकर चुकतं करून रोख सूट वेगळी मिळवते. डीमार्टची पहिली शाखा २००२ मध्ये मुंबईत पवईला उघडली, तेव्हापासून त्यांचा भर जागा भाड्याने घेण्यापेक्षा स्वतःच्या मालकीची ठेवण्यावर राहिला आहे. वर दिलेल्या हिशेबातली भाड्याची ओळच तिथे बहुतेक नाही. शिवाय माल शोधायचा, उचलायचा, ढकलगाडीत टाकायचा आणि घरी न्यायचा, हे सगळं काम गिऱ्हाईक फुकट करतं. कंपन्या आपला माल डोळ्यांसमोरच्या फळीवर लागावा म्हणून पैसे मोजतात, ते वेगळेच.

यातून एक विचित्र स्थिती होते. कपडे धुण्याच्या पावडरीचा मोठा पुडा सुपरस्टोअरमध्ये गिऱ्हाइकाला ज्या भावात मिळतो, त्याहून महाग तो दुकानदाराला वितरकाकडून पडतो. म्हणून कित्येक छोटे दुकानदार स्वतःच तिथे रांगेत उभे असतात, आणि ‘एका बिलावर दोनच नग’ अशा पाट्या लागतात त्या यांच्याचसाठी. या दुहेरी भावावरून वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात काही मालाचा पुरवठाही रोखून धरला होता. प्रश्न तरीही सुटला नाही, कारण कंपनीला दोन्ही दारं हवी असतात.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने. बचत खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. साबण, पावडर, टूथपेस्ट, डायपर, तेल, चहाचा मोठा पुडा यांवर सहा-आठ टक्के वाचतातच. पाच हजारांच्या यादीत निम्मा माल असा असला तर दीडशे-दोनशे रुपये झाले. बायपासजवळच्या दुकानात कारने बारा किलोमीटर जाऊन-येऊन लिटरभर पेट्रोल जळतं. त्याचे शंभरच्या वर वजा करा. स्कूटरने गेलं तर पेट्रोल वाचतं, पण मग पाच किलोंचा कॅन आणि दहा किलोंचा आटा पायाशी ठेवून यायचं. आणि यादीत नसलेला माल गाडीत पडतो तो कुणीच वजा करत नाही.

खरी फसगत होते ती वजनात. तेलाचंच घ्या. एक लिटर सोयाबीन तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी पिशव्यांचे आकार कायद्याने ठरलेले होते. ती सक्ती निघाल्यापासून शेजारी-शेजारी ९१०, ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्या लागतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच. ९१० ग्रॅमची १५० ला आणि ८०० ग्रॅमची १३८ ला असेल तर हात दुसरीकडे जातो. पण पहिली पडते १६५ रुपये किलो आणि दुसरी साडे १७२. पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापणं बंधनकारक आहे, तो बारीक अक्षरात एमआरपीच्या आसपास सापडतो. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. किलोच्या आतल्या पाकिटावर तो दर ग्रॅमला असतो आणि दोनच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे ०.१६ आणि ०.१७, हा एक पैशाचा फरक किलोला जवळपास वीस रुपयांपर्यंतचा असू शकतो. दुसरं, तो एमआरपीवर काढलेला असतो. सूट देऊन लावलेल्या भावाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा मोबाइल काढून बिलाचा भाव भागिले ग्रॅम गुणिले हजार, एवढं करावंच.

पंधरा किलोंचा डबा घेणाऱ्यांनीही हेच बघावं: १५ किलो म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर. ‘१५ लिटर’ लिहिलेला डबा वेगळा, त्यात पावणेचौदा किलोच्या आतच तेल असतं.

मोठा पुडा म्हणजे स्वस्त, हाही एक समज. शॅम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे पुष्कळदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते. ती पुडी सुपरस्टोअर सुटी विकत नाही, गल्लीतला दुकानदार माळ लावून विकतो.

सुट्या मालाचं गणित तर पूर्ण निराळं. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठावर २५ किलोंपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला. पोत्यातून तोलून दिलेल्या मालावर तो नाही. त्यानंतर बाजारात २६ आणि ३० किलोंचे तांदळाचे कट्टे दिसू लागले ते यामुळे. सुपरस्टोअरची तूरडाळ स्वतःच्या छापाच्या पिशवीत असते, म्हणजे त्यात कर आलाच. तरीही तिथली डाळ कधी कधी स्वस्त असते, पण मग बाजूच्या दुकानातली डाळ आणि ती एका प्रतीची आहे का हे हातात घेऊन बघावं. चांगल्या तूरडाळीचा दाणा अख्खा, एकसारखा, तुकडा कमी. तळहातावर घासली की पिवळी पूड राहायला नको. पिशवीच्या तळाशी चुरा साचला असेल तर कुकरमध्ये अर्धी डाळ विरघळते आणि अर्धी कच्ची राहते. गल्लीतल्या दुकानात ‘काकू, हे पोतं संपत आलंय, उद्या नवं फोडतो तेव्हा घ्या’ असं सांगणारा माणूस असतो. सगळेच सांगतात असं नाही. जुना, तोंडाशी जाळी धरलेला रवा गळ्यात मारणारेही आहेत, आणि सुपरस्टोअरकडे गिऱ्हाईक वळवण्याचं निम्मं श्रेय त्यांचं.

मराठी घरांना लागणारा काही माल असा आहे की दूरच्या कार्यालयात बसून फळ्या ठरवणाऱ्याच्या यादीत तो येतच नाही किंवा एकाच छापाचा येतो. आमसुलं, मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, आंबेमोहोर, लाडवाचं जाडसर बेसन. उपासाला भगर, जिला इथे मोरधन म्हटल्याशिवाय दुकानदाराला कळत नाही. पोहे उज्जैनच्या गिरण्यांतून येतात. फोडणीचे जाड, चिवड्याचे पातळ आणि मधला एक प्रकार, हे तिन्ही वेगळे ठेवणारं दुकान दिवाळीत रिकामं राहत नाही.

उधारीबद्दल भाबडेपणा नको. बिनव्याजी महिनाभराचं खातं ही सोय होतीच, पण यादी तिकडे गेल्यावर उलटं होतं: रोकड सुपरस्टोअरला आणि महिनाअखेरची अडचण गल्लीत. दुकानदाराचे पैसे दुधात आणि उधारीत अडकतात, तर वितरक सात दिवसांत बिल मागतो. म्हणून खात्याला मर्यादा हवी. घरटी तीन हजार, आणि १० तारखेला खातं शून्य झाल्याशिवाय पुढचं पान नाही. तोंडावर सांगायला अवघड जातं. भिंतीवर लिहून लावलं की जमतं.

त्यात आता दहा-वीस मिनिटांत दारात सामान टाकणारी अॅप आली. यांनी पहिल्या प्रकारच्या गिऱ्हाइकालाच हात घातला: ऐनवेळचा ब्रेड, पाव किलो पनीर, रात्री साडेदहाचं आइस्क्रीम. यादी सुपरस्टोअरने नेली, ‘राहिलेलं’ अॅपने. आजच्या घडीला मला मोठ्या दुकानापेक्षा हे दुसरं टोक जास्त धोक्याचं वाटतं, कारण वर्दळ कमी झाली की दुकान डोळ्यांना बंद दिसू लागतं आणि मग यादीवालेही फिरकत नाहीत. दुसरीकडे, मोठा म्हणजे अमर असंही नाही. २००१ मध्ये सुरू झालेलं बिग बझार देशभर पसरलं आणि २०२२ मध्ये गुंडाळलं गेलं. पण तोवर आसपासची जी दुकानं गेली ती परत उघडत नाहीत. त्या गाळ्यांत मोबाइलची दुकानं असतात.

दुकानदाराने करायचं काय? पावडर, डायपर, मोठे साबणसंच यांवर भावाची लढाई सोडून द्यावी. एक-दोन छाप, छोटे पुडे, बस. मोकळी झालेली फळी आणि भांडवल सुट्या मालात घालावं. शेंगदाणे भाजून, तिखट दळून, डाळ चाळून द्यावी. चाळून दिलेल्या डाळीला किलोमागे चार-पाच रुपये जास्त मिळतात आणि कुणी कुरकुरत नाही. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन तीन आठवड्यांच्या वर साठवू नये. जमिनीवर पोतं न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर. आधी आलेला माल पुढे, नवा मागे. तारीख उलटलेला माल वितरक परत घेतो, पण मुदतीत सांगितलं तर. म्हणून महिन्यातून एकदा फळी उतरवून तारखा बघाव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा असते. तिचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं, कारण सुट्या मालाबद्दल पहिली शंका वजनाचीच असते.

याद्या व्हॉट्सअॅपवर मागवाव्यात, पण भाव त्याच वेळी लिहून परत पाठवावेत. भाव न कळवता सामान पोचवलं की महिनाभराने तंटा होतो.

आणि गहू. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरणाऱ्या घरांना चार माणसांसाठी अडीच ते तीन क्विंटल लागतो, लोकवन किंवा जरा महाग शरबती. हा धंदा सुपरस्टोअरला जमलेला नाही, ते दहा किलोंचा आटा विकतात. दुकानदाराने फेब्रुवारीतच नावं लिहून घ्यावीत, छावणी किंवा लक्ष्मीबाई नगर मंडीतून नमुना आणून दाखवावा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर जूनपर्यंत टोके पडतात. चाळून, उन्हं देऊन, हवं तर किलोमागे पाच-सहा मिलि एरंडेल चोळून घरपोच द्यावा. सल्फासची गोळी मात्र गिऱ्हाईक कितीही मागो, देऊ नये. तिच्यातून निघणारा वायू राहत्या घरात माणसं मारतो.