होकार नेमका कुणाचा? लेकाच्या कॉलेज फुटबॉल भरतीची दोन वर्षं

आमच्या गॅरेजच्या दारापासून समोरच्या मेपलच्या झाडापर्यंत बरोबर १५ यार्ड भरतात. मी टेप लावून मोजलेत. जवळजवळ दोन वर्षं, ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन मी त्या झाडापाशी जाऊन उभी राहायचे. माझा मुलगा गॅरेजच्या दारात माझ्याकडे पाठ करून कमरेत वाकायचा आणि दोन पायांमधून चेंडू माझ्या छातीच्या रोखाने मागे फेकायचा. चेंडू सुटल्यापासून हातात येईपर्यंत पाऊण सेकंद. पहिल्याच आठवड्यात माझी करंगळी सुजून काळीनिळी झाली. मग त्यानेच शिकवलं: "आई, तळवे उघडे ठेव, करंगळ्या जवळ, आणि चेंडू आला की हात थोडे मागे घे."

या जागेवर खेळणाऱ्याला लाँग स्नॅपर म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ते जमणार नाही असं दिसलं की चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेने लांब धाडतात, त्याला पंट म्हणतात, आणि त्यासाठी तो १५ यार्ड मागे उभ्या असलेल्या खेळाडूकडे, म्हणजे पंटरकडे, पोचवायचं काम याचं. या मागे फेकण्याला स्नॅप म्हणतात. गोल मारायचा असेल तर अंतर निम्मं, पण चेंडू गुडघ्यावर बसलेल्या सोबत्याच्या हातात अशा बेताने पडला पाहिजे की त्यावरचे टाके गोलाकडे तोंड करून येतील, कारण लाथ टाक्यांवर बसली तर चेंडू भरकटतो. वाकल्यावर समोरचं काही दिसत नाही, आणि चेंडू सुटल्या क्षणी समोरचा गडी अंगावर येतो.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की आमच्या घरात दुपारचं जेवण वेळेवर होत नसे. त्यामुळे 'माझा मुलगा फुटबॉल खेळतो' हे आबांना फोनवर सांगताना मला फार आनंद झाला होता. मग त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "अगं, ह्यो कसला फुटबॉल? हातानं खेळतात की सगळे!"

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ, पण फुटबॉलच्या भरतीतून, म्हणजे कॉलेजचे कोच हायस्कूलमधून खेळाडू निवडतात त्या चक्रातून, गेलेलं एकही घर मला माहीत नव्हतं. विचारायला कुणी नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट आम्ही ठेच खाऊन शिकलो. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात नवव्या इयत्तेतल्या गुणांपासून होते, हे आम्हाला दहावी संपताना कळलं. मोठ्या विभागांतल्या, म्हणजे डिव्हिजन वन आणि टूच्या कॉलेजांत खेळायचं तर हायस्कूलचे १६ ठरावीक विषय लागतात, आणि डिव्हिजन वनसाठी त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत. ते याचे होत होते. मग दोन मिनिटांची फीत: बाजूने, मागून, आणि पंटरच्या जागेवरून. पंटरच्या जागेवर फोन घेऊन मीच उभी होते. ती हुडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या साइटवर चढवली आणि कोचना ईमेल सुरू झाले. उंची, वजन, गुण, प्रवेश परीक्षेचा स्कोअर, स्नॅपचा वेळ, फितीची लिंक. ईमेल त्यानेच लिहायचे, फोन त्यानेच करायचे. आईबापांनी मध्ये बोललेलं कोचना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. त्यांना चार वर्षं मुलाशी वागायचं असतं.

डिव्हिजन वनचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरनंतर लिहू शकतात. त्या दिवसापासून घरी पत्रांचा आणि ईमेलचा पाऊस पडला. रंगीत कार्डं, मुलाचं नाव घातलेल्या जर्सीचं चित्र, 'आमच्या कॅम्पला ये.' मी हरखून गेले, फ्रिजवर कार्डं लावली. तीन कॅम्प झाल्यावर लक्षात आलं की ही बोलावणी शेकड्यांनी जातात. दिवसाचे शंभर-दीडशे डॉलर, पेट्रोल आणि हॉटेल वेगळं. खरी आवड असेल तर कोच स्वतः फोन करतो, गुणपत्रिका मागतो, हायस्कूलच्या कोचकडे चौकशी करतो. गुणपत्रिका मागितली नाही तर ते कार्ड म्हणजे फक्त कार्ड.

शिवाय आमचं गणित वेगळं होतं. एका संघात पहिल्या पसंतीचा लाँग स्नॅपर एकच असतो. तो पहिल्या वर्षाला असला तर पुढची तीन-चार वर्षं त्या कॉलेजला दुसरा नको असतो. मग मुलाने प्रत्येक संघाची खेळाडूंची यादी उघडून त्यांचा स्नॅपर कितव्या वर्षाला आहे ते लिहून काढलं. जिथे तो शेवटच्या दोन वर्षांत होता, तिथेच जोर लावला. सत्तरची यादी एका रात्रीत बावीसवर आली. हे काम आम्ही सगळ्यात आधी करायला हवं होतं.

आता नावाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त झोप त्यापायी गेली. ह्यांच्या मनात आठ नावं पक्की होती: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांची पाच भावंडं. या आठांची आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही, घरची गरज बघून मदत करते. तिथे खेळाडूचे गुण आणि परीक्षेचा स्कोअर मिळून एक आकडा काढतात आणि संघाची सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत. याचा आकडा चांगला होता. पण आठांपैकी सहा ठिकाणी स्नॅपर नवे होते, आणि उरलेल्या दोन ठिकाणचे कोच कॅम्पला भेटल्यावर गोड बोलले, गुणपत्रिका मात्र मागितली नाही.

मग छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं समोर आली. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, मिडलबरी, बोडन यांची एक लीग आहे, नेस्कॅक नावाची. डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळासाठी एक पैसाही नाही. 'आर्ट्स' हा शब्द ऐकूनच घरात शांतता पसरली. आमच्या पिढीने दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशी उतरंड बघितलेली. लिबरल आर्ट्स कॉलेजात रसायनशास्त्र, गणित, भूगर्भशास्त्रही असतं आणि प्राध्यापक स्वतः पहिल्या वर्षाला शिकवतात, हे ह्यांना पटायला दोन भेटी लागल्या. गणपतीत मंडळात एका काकूंनी विचारलं, "ॲम्हर्स्ट? म्हणजे यूमासच ना?" यूमास, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचं सरकारी विद्यापीठ, त्याच गावात आहे, त्यात त्यांची चूक नव्हती. पण मुलाचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मलाही वाईट वाटलं.

अकरावीतल्या नोव्हेंबरात आम्ही साडेतीन तास गाडी हाकून विल्यम्स आणि ॲम्हर्स्टचा सामना बघायला गेलो. ही दोन कॉलेजं १८८४ पासून फुटबॉल खेळतात, पण भांडण त्याहून जुनं. १८२१ साली विल्यम्सचे अध्यक्ष झेफानाया स्विफ्ट मूर पंधरा विद्यार्थी बरोबर घेऊन बाहेर पडले आणि ॲम्हर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. जाताना विल्यम्सच्या ग्रंथालयातली पुस्तकंही नेली अशी दंतकथा आहे. पुरावा काही नाही, पण आजही तिकडची माणसं ती हिरिरीने सांगतात. लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या क्रमवारीत पहिला आणि दुसरा नंबर बहुतेक या दोघांतच असतो, तोही वाद स्टँडमध्ये ऐकू येत होता. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. विल्यम्सने घरचा मोठा सामना जिंकला की सगळा संघ स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत केस कापायच्या दुकानात जातो आणि तिथे गाणी म्हणतो, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मला तिथे एकदम शाहू स्टेडियम आठवलं. या माणसांच्या लेखी जगात दोनच कॉलेजं होती, जशा आमच्या लेखी दोनच तालमी. पेठेच्या वेशीबाहेर कुणाला ती नावं माहीत असोत-नसोत, आत त्यासाठी जीव टाकणारी माणसं होती. मंडळातल्या प्रश्नाचं ओझं माझ्या मनावरून तिथे उतरलं.

त्या सामन्यानंतर चौथ्या वर्षाच्या दोन खेळाडूंशी बोलणं झालं. मुलाने त्यांना विचारलं की दुपारी लॅब असली तर सरावाचं काय? एक म्हणाला, लॅब आधी, सरावाला उशिरा येतो, कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्याला पुढच्या वर्षीची बँकेतली नोकरी लागली होती, संघातल्याच एका जुन्या खेळाडूने दोन वर्षं त्याच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेतली होती. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी शंभरात दोघेही व्यावसायिक लीगच्या निवडीत पोचत नाहीत. पुढचं आयुष्य कशावर उभं राहणार, हे ती मुलं एकविसाव्या वर्षी स्पष्ट बोलत होती. गाडीत बसल्यावर ह्यांनी पहिल्यांदा विचारलं, "इथे भूगर्भशास्त्राची ट्रिप कुठे नेतात?"

पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, दोन धक्के बसले. एका मोठ्या सरकारी विद्यापीठाने याला शिष्यवृत्तीशिवाय संघात जागा देऊ केली होती. मेमध्ये खेळाडूंना मोबदला देण्याच्या खटल्यातली तडजोड जाहीर झाली. पुढे त्यात संघासाठी १०५ खेळाडूंची मर्यादा ठरली. त्याआधी मोठ्या संघांत सव्वाशेच्या आसपास मुलं असत. कापायची वेळ आली तेव्हा विनाशिष्यवृत्तीची मुलं आधी गेली. आम्हाला चार ओळींचा ईमेल आला.

दुसरा धक्का जास्त लागला. या छोट्या कॉलेजांत जुलैमध्ये प्री-रीड होतो. कोच मुलाची गुणपत्रिका, स्कोअर आणि बारावीचे विषय ॲडमिशन ऑफिसकडे देतो, आणि ऑफिस सांगतं की मूल बसतंय की नाही. एका नावाजलेल्या कॉलेजचा होकार आला. कोच म्हणाला, "तू माझ्या यादीत वर आहेस." आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मुलाने बाकीच्या कोचना लिहिणं थांबवलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला: जागा दुसऱ्या खेळाडूला दिली, तू नेहमीसारखा अर्ज कर, मी चांगला शब्द टाकीन.

त्या रात्री तो गॅरेजमध्ये दिवा न लावता बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "आई, तो खोटं नाही बोलला. मीच विचारलं नाही." त्याचं खरं होतं. प्री-रीडचा होकार म्हणजे ऑफिस म्हणतंय, 'हा मुलगा चालेल.' कोच आपल्या वाट्याच्या मोजक्या प्रवेश-जागांपैकी एक त्याच्यामागे लावणार का, हा प्रश्न वेगळाच असतो, आणि तो विचारल्याशिवाय कुणी आपणहून उत्तर देत नाही. आम्हाला दोन्ही होकार एकच वाटले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने किराणा मालाच्या बिलामागे दोन प्रश्न लिहिले. माझ्या अर्जामागे तुमची राखीव जागा असेल का? आणि ॲडमिशन ऑफिसला ते कळवलंय का? ते बिल अजून माझ्याकडे आहे. ज्या चार कोचना लिहायचं थांबवलं होतं, त्यांना त्याने एकामागून एक फोन केले, झालेलं सगळं सांगून. दोघांकडे जागा उरली नव्हती. तिसरा म्हणाला, सांगता येत नाही. चौथ्याने प्री-रीड आधीच करून घेतला होता. दोन्ही प्रश्न ऐकून तो क्षणभर थांबला. स्वयंपाकघरात पोळी तव्यावर करपत होती, मी गॅस बंद करायलाही हलले नाही. मग फोनमधून ऐकू आलं, "हो. दोन्हींना हो."

पैशांचंही तेव्हाच विचारून घ्या. आम्ही उत्पन्नाचे कागद आधीच दिले आणि मदतीचा अंदाज हातात आल्यावरच अर्ली डिसिजनचा अर्ज केला, कारण तो अर्ज बांधून टाकतो. प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. आयव्हीवाले ऑक्टोबरपासून खेळाडूंना जवळजवळ नक्की असल्याचं पत्र देऊ शकतात. आमच्याकडे डिसेंबरपर्यंत फक्त त्या माणसाचा शब्द होता. त्याने तो पाळला.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, मुलाची तशी इच्छा आहे. तिथला स्नॅपर पदवी घेऊन गेला होता, त्यामुळे पहिल्याच वर्षी याला मैदानात उतरता आलं. सामने शनिवारी दुपारी एकला, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा. पहिल्या सामन्याला आबा थेट प्रक्षेपण लावून जागे राहिले, आणि एक कान माझ्या फोनला.

"आपला पोरगा कुठला?"

"मधला, वाकलेला. आता बघा."

चेंडू गेला, पंट झाला, हा धावत मैदानाबाहेर आला. सगळं मिळून सहा-सात सेकंद.

"झालं?" आबांनी विचारलं. "परत कधी येणार?"

"पुढच्या चौथ्या प्रयत्नाला."

"बरं," आबा म्हणाले, "मग बसतो."